बॉब नावाचा मामा

'त्याचं नाणं खाली पडलं,' असं वाक्य मी एका इंग्रजी रहस्यकथेच्या अनुवादात लिहिलं आणि सुखाने झोपलो. चार दिवसांनी संपादकबाईंचा फोन. "अहो, ते नाणं पडलंय ना, ते पुढे कुणी उचलत का नाही?"

मीही मूळ पुस्तक उघडून नाणं शोधायला लागलो. टेबलाखाली नाही, जिन्यात नाही, प्रेताच्या खिशात नाही. शेवटी भाचीला विचारलं. 'द पेनी ड्रॉप्ड' म्हणजे इतका वेळ न उमगलेली गोष्ट एकदम डोक्यात शिरणं. यंत्रात टाकलेलं नाणं मध्येच अडकतं, मग खट्कन पडतं आणि यंत्र चालू होतं, त्यावरून आलेलं. मला रेल्वे फलाटावरचं वजनाचं यंत्र आठवलं. दिवे लुकलुकताहेत, चाक फिरतंय, तिकीट मात्र येत नाही. मग बाबा त्याला एक सणसणीत चापट मारायचे, खट् व्हायचं आणि तिकीट बाहेर. पुढे वजन, मागे भविष्य. हे सगळं आठवलं तेव्हा कुठे माझंही नाणं पडलं.

आता वाक्प्रचारांचा कोश घ्यायचाच, म्हणून अप्पा बळवंत चौक गाठला.

"इंग्रजी वाक्प्रचारांचा कोश आहे का?"

"कितवीचा?"

"मला स्वतःला हवाय."

त्यांनी माझ्या टकलाकडे एकदा पाहिलं. "मग एमपीएससीचा देतो."

बऱ्याच मनधरणीनंतर माळ्यावरून तीन जाडजूड कोश खाली आले, धुळीसकट. मी परीक्षा म्हणून तिघांनाही ते नाणंच विचारलं. एकात ते 'पेनी'खाली सापडलं, दुसऱ्यात 'ड्रॉप'खाली, तिसऱ्यात पत्ताच नाही. पण खरी गोची वेगळीच. नाणं पडलं, असं वाचल्यावर कुणाला शंका येणार की हे कोशात बघायला हवं? पावसाबरोबर कुत्री-मांजरं पडायला लागली की माणूस सावध होतो. नाणी काय, रोजच पडतात.

ब्रूअर नावाच्या पाद्रीबुवांचा कोश मूळचा १८७० सालचा, नव्या आवृत्त्या अजून निघतात. हा म्हणजे ओट्यावर बसलेले गप्पिष्ट आजोबा. पत्ता विचारायला जावं तर गल्लीतल्या प्रत्येक घराचा इतिहास ऐकून परत यावं, पत्ता राहिलाच. याउलट बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या कोबिल्ड या कोशप्रकल्पवाल्यांचा १९९५ चा कोश. लोक खरोखर जे लिहितात-बोलतात त्याचा ढीग संगणकात ओतून, त्यातून त्यांनी वाक्प्रचार वेचले. अर्थही सरळ पूर्ण वाक्यात सांगतात. अनुवादकाला हाच बरा, हे मला पाच मिनिटांत कळलं होतं. तरी मी दीड तास उभ्याने आजोबांचंच ऐकत होतो, कारण चाळता चाळता मला त्यांच्याकडे बॉब नावाचा एक अंकल भेटला होता.

'बॉब्ज युअर अंकल' म्हणजे 'की झालंच काम!' पण अंकल म्हणजे नक्की कोण? काका, मामा, आत्याचे यजमान की मावशीचे? इंग्रजांना याची फिकीर नाही. एक गोष्ट अशी सांगतात की १८८७ साली पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी, म्हणजे रॉबर्ट, यांनी आर्थर बाल्फोरला आयर्लंडचा मुख्य सचिव नेमलं. रॉबर्टचा झाला बॉब. बाल्फोर त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. म्हणजे मामाच! वाक्प्रचार छापलेला सापडतो तो मात्र त्यानंतर कित्येक वर्षांनी, त्यामुळे या गोष्टीने आपल्याला मामा बनवलंय असंही जाणकार म्हणतात.

दुकानदार शेवटी म्हणाले, "वाचून झाला असेल तर बांधू का?" मी लाजेखातर दोन्ही घेतले. मानधनाचा हप्ता तिथेच संपला.

पुढच्याच प्रकरणात बॉब आला. आता मी काय सोडतो! तिथे झोकात 'की झालंच काम!' असं लिहिलं आणि बाईंच्या फोनची वाट पाहत बसलो. आला.

"यात तुम्ही एक पात्र गाळलंय."

"कुठलं?"

"बॉब अंकल. मुळात आहेत, तुमच्याकडे नाहीत."

"बाई, ते मामा आहेत."

"मग मामा लिहा. पण असं परस्पर कुणाला काढायचं नाही हं."