१६ जीबीचा घोळ

घरच्या सर्व्हरसाठी चार-चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क मी चहा संपायच्या आत ठरवल्या. घरातले सगळे फोटो, आईच्या भजनांची रेकॉर्डिंग, मुलीच्या गॅदरिंगचे व्हिडिओ त्यांच्यावर राहणार होते. डोकं खाजवायचंच तर तिथे खाजवायला हवं होतं. पण महिना खाल्ला तो सिस्टीम ड्राइव्हने, म्हणजे सर्व्हर ज्यावरून सुरू होतो त्या ड्राइव्हने. त्यावर बसणार फक्त ट्रूनॅस, ही सर्व्हर चालवणारी प्रणाली. त्याला १६ जीबी पुरतात. शिवाय सेटिंगची एक चिमुकली फाइल दुसरीकडे जपून ठेवली असेल, तर हा ड्राइव्ह उद्या गचकला तरी संध्याकाळपर्यंत सर्व्हर पुन्हा उभा. इतक्या बिनमहत्त्वाच्या वस्तूबद्दल मात्र प्रत्येकाला ठाम मत असतं.

भाचा म्हणाला, "मामा, पेन ड्राइव्ह लाव. पूर्वी सगळे तेच करायचे." करायचे खरे, ट्रूनॅसचं नाव फ्रीनॅस होतं त्या काळात. पण ही प्रणाली दिवसभर आपल्या नोंदी खरडत बसते आणि पेन ड्राइव्हचा जीव तो केवढा! आता ट्रूनॅसवालेच नको म्हणतात. ऑफिसातला एकजण अनरेडवाला, म्हणजे अशाच दुसऱ्या प्रणालीचा भक्त. त्याचा सर्व्हर वर्षानुवर्षं पेन ड्राइव्हवरूनच सुरू होतो, कारण ती प्रणाली एकदा रॅममध्ये चढली की पेन ड्राइव्हला फारसा त्रास देत नाही. मात्र लायसन्स त्याच पेन ड्राइव्हच्या क्रमांकाला बांधलेलं. त्यामुळे घरात कुणी "जरा पेन ड्राइव्ह दे रे, झेरॉक्सवाल्याकडे जायचंय" म्हटलं की याच्या छातीत धस्स होतं.

दुसऱ्या एकाने ऑप्टेन सुचवलं, म्हणजे इंटेलची एक खास जातीची एसएसडी. इंटेलने हा धंदा २०२२ मध्ये गुंडाळायला घेतला. तेव्हापासून त्याबद्दल लोक स्वर्गवासी गवयाबद्दल बोलावं तसं बोलतात. १६ जीबीची ती इवलीशी पट्टी, झिजता झिजत नाही, लॅमिंग्टन रोडला जुन्या मालात मिळेल म्हणे. एका एसएसडीसाठी पुण्याहून मुंबईला जातो, हे घरी सांगायची माझी छाती नव्हती.

म्हणून जवळच्याच दुकानात गेलो. माझं मशीन म्हणजे ऑफिसातून निवृत्त झालेला डेस्कटॉप, त्यात एम.२चा, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायचा, एकच स्लॉट आणि तो फक्त एनव्हीएमई पद्धतीच्या जोडणीचा. दुकानदाराने पुढे केलेल्या पट्टीच्या सोनेरी दातांमध्ये दोन खाचा होत्या. दोन खाचा म्हणजे बहुधा साटा, ही दुसरी, जुनी पद्धत.

"ही चालेल?"

"बसेल की, साहेब."

बसेल, हे खरंच होतं. दोन खाचांची पट्टी त्या स्लॉटमध्ये अगदी सुखाने बसते. फक्त मशीनला ती दिसत नाही. चालेल का या प्रश्नाला बसेल हे उत्तर देणाऱ्या माणसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. मी पिशवी उचलली.

मग डोक्यात गुरुवार शिरला. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार. मध्येच वीज गेली तर हातातलं लिखाण पुरं करण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर असलेल्या एसएसडी असतात, पण त्या डेटा सेंटरसाठी. किंमत पाहिली आणि यूपीएस स्वस्त वाटू लागला.

शेवटी सॅमसंगची ८७० इव्हो घेतली, २५० जीबीची, साधी साटा; पट्टी नव्हे, हार्ड डिस्कसारखी केबलने जोडायची, त्यामुळे स्लॉटचा प्रश्नच मिटला. कंपनी १५० टेराबाइट लिखाणाची किंवा पाच वर्षांची हमी देते, जे आधी संपेल ते. भागाकार केला तर रोजचे ८२ जीबी. आमचा सर्व्हर आत्मचरित्र लिहायला बसला तरी एवढं लिहिणार नाही.

ट्रूनॅस चढवलं. बायको मागे उभी राहून आकडे बघत होती.

"अहो, एवढी जागा रिकामी आहे, तर त्यात आपले फोटो टाका ना."

"तिथे काही ठेवता येत नाही. अख्खा ड्राइव्ह सिस्टीमचा असतो."

"मग लहान का नाही आणला?"

"लहान आता धड मिळत नाही."

तिने पुढे काही विचारलं नाही. तेवढ्यात भाच्याचा फोन आला: "मामा, एकच घेतलास? दुसऱ्यावर हुबेहूब नक्कल, मिरर नाही करणार?"