मारिया साबिना कडुलिंब कुठून आणणार?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड दोन-चार महिन्यांनी येतोच. सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या आजीचा फोटो, आणि खाली तिचा उपदेश: पोरी, सूर्यप्रकाशानं, चांदण्यानं, समुद्राच्या लाटांनी स्वतःला बरी कर, पुदिना घे, कडुलिंब घे, निलगिरी घे. नाव मारिया साबिना, मेक्सिकोतल्या मासातेक जमातीची वैदू. यंदा कुणीतरी शेपूटही जोडलंय की ही शुद्ध प्राचीन विद्या असून बाईंनी ती स्वखुशीनं जगाला दिली, आणि ती सगळ्यांना बरं करायची. मावशीनं त्यावर हात जोडलेत, म्हणून हे लिहितोय.

आधी कडुलिंब. झाड आपल्याकडचं, उन्हातान्हाचं. बाई राहायच्या वाहाका राज्यात, वाउत्ला दे हिमेनेस या धुक्यातल्या डोंगरी गावात. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियातली. हा मजकूर कुठल्याशा शहरी वेलनेस दुकानाच्या फळीवरून उतरवल्यासारखा वाटतो. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्या बोलायच्या मासातेक. त्यांचे शब्द आपल्यापर्यंत आले ते ध्वनिमुद्रणांतून आणि गावातल्याच अल्वारो एस्त्रादा यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनातून. तिथला बाज अगदी निराळा आहे. ‘मी अमुक करणारी बाई, मी तमुक बाई’ अशा ओळींमागून ओळी येतात आणि ओळीच्या शेवटी ‘असं म्हणतात’ या अर्थाचा शब्द. म्हणजे बोलणारी मी नव्हे, माझ्या तोंडून अळिंबी बोलतेय (उपचारात खायची, भास घडवणारी मश्रूम). उपदेशाचा सूर त्यात नाहीच.

‘स्वतःला बरी कर’ हे तर साफ उलटं. मासातेक उपचाराला स्पॅनिशमध्ये वेलादा म्हणतात. आपल्या भाषेत सरळ जागरण म्हणा. रात्रीची वेळ, घरातलाच देव्हारा, धुपासारखा कोपाल जळतोय, घरची माणसं भोवती बसलेली. अळिंब्या जोडीजोडीनं मोजून द्यायच्या. १९५५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कचे बँकर गॉर्डन वॉसन अशा जागरणाला बसले, तेव्हा त्यांना सहा जोड्या मिळाल्या आणि बाईंनी स्वतः तेरा घेतल्या. गोम इथेच आहे: औषध वैदूही खाते, रोग्यापेक्षा जास्त खाते, कारण दुखणं कशाचं हे शोधायचं काम तिचं. मग अंधारात तासन्‌तास गाणं आणि टाळ्यांचा ठेका. आधी आणि नंतर चार-चार दिवस ब्रह्मचर्य. एकटीनं चांदण्यात बसून करायची ही गोष्ट नव्हे. वॉसन यायच्या आधी देव शोधायला म्हणून कुणी या ‘पोरांना’ घेत नसे, आजाऱ्याला बरं करायलाच घेत, असं बाईंनी स्वतः सांगून ठेवलंय. अळिंब्यांना त्या पोरंच म्हणायच्या.

शुद्ध प्राचीन? देव्हाऱ्यावर ख्रिस्ती संतांच्या तसबिरी असत आणि बाई चर्चच्या भगिनीमंडळात होत्या. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

पुदिन्यावरून मात्र एक गंमत. पावसाळा सरला की अळिंबी मिळत नाही, तेव्हा मासातेक वैदू एका झुडपाच्या पानांकडे वळतात. त्याला ते मेंढपाळ मारियेचं पान म्हणतात; शास्त्रीय नाव साल्व्हिया डिव्हिनोरम. तीही पानं जोड्यांनीच मोजतात, चावून खातात किंवा चुरून त्यांचा रस पाण्यातून देतात. त्याला बी क्वचितच धरतं, म्हणून फांदी रोवून वाढवतात. हे झुडूप पुदिन्याच्या कुळातलं, म्हणजे आपल्या तुळशीचंही भाऊबंद. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं पुदिना नेमका धरला आणि बाजूचं खरं पान सोडलं!

राहिलं ‘स्वखुशीनं’. वॉसन यांनी आपल्या मुलाची काळजी वाटते असं निमित्त सांगून प्रवेश मिळवला. त्यांना घेऊन आला होता गावचा अधिकारी. त्याला नाही म्हणणं आपल्याला शक्य नव्हतं, असं बाई पुढे म्हणाल्या. १९५७ च्या मे महिन्यात लाइफ साप्ताहिकात वॉसन यांचा लेख आला. त्यात बाईंचं नाव बदललं होतं, तरी लोकांनी वाउत्ला शोधून काढलंच. मग अळिंब्यांसाठी आले हिप्पी, त्यांच्यामागून पोलिस. बाईंचं घर जाळलं गेलं. परके आल्यापासून पोरांची शक्ती गेली, ही त्यांची खंत शेवटपर्यंत राहिली. १९८५ साली त्या वारल्या, गरिबीतच. त्यांच्याकडे बॉब डिलन, जॉन लेनन असे गायक येऊन गेले या गप्पा फॉरवर्डमध्ये असतातच. त्यांना ठोस पुरावा नाही.

आणि ‘ती सगळ्यांना बरं करायची’? १९५८ साली वॉसन यांनी एक अख्खं जागरण टेपवर घेतलं. रोगी होता सतरा वर्षांचा मुलगा. बाई रात्रभर गायल्या, अळिंब्यांना विचारत राहिल्या, आणि कौल आला तो मुलगा वाचणार नाही असा. त्यांनी तो लपवला नाही. मुलगा त्यानंतर लवकरच गेला.