येथे क्लिक करा

एका शिक्षण मंडळाचं संकेतस्थळ नव्याने करून द्यायचं काम मी घेतलं, तेव्हा घरी सांगितलं होतं की तीन महिन्यांत मोकळा होतो. त्याला आता अकरा महिने झाले. हल्ली कुठेही 'येथे' हा शब्द लिहिलेला दिसला, की माझा उजवा हात आपोआप माऊस चाचपायला लागतो.

पहिल्या बैठकीत अध्यक्षसाहेब म्हणाले, "आम्हाला संकेतस्थळ एकदम युजर-फ्रेंडली पाहिजे." मी वहीत लिहून घेतलं. "आणि आत्ता आहे तसंच दिसलं पाहिजे. लोकांना सवय झालीये." तेही लिहून घेतलं. ही दोन वाक्यं माझ्या वहीत आजही एकाखाली एक आहेत, वाटणी न झालेल्या भावांसारखी.

घरी येऊन मी ते संकेतस्थळ शांतपणे उघडलं. शांतपणा एवढाच, कारण पुढे सगळंच हलत होतं. वर एक सूचना उजवीकडून डावीकडे पळत होती. तिच्याखाली दुसरी डावीकडून उजवीकडे. वाचायला मान धरावी तर चक्कर यायची. मधोमध सात मान्यवरांचे फोटो आळीपाळीने सरकत होते, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी लाल रंगात 'नवीन' असं लुकलुकत होतं. मी मोजले. त्रेसष्ट 'नवीन' होते. त्यातलं सगळ्यात जुनं 'नवीन' नऊ वर्षांचं निघालं. म्हणजे ते चिकटवलं तेव्हा पहिलीत असलेलं पोर आता दहावीच्या परीक्षेचं वेळापत्रक शोधत होतं आणि त्या लुकलुकाटात त्याला ते सापडत नव्हतं.

मी साहेबांना समजावून सांगितलं की, भडक आणि हलणाऱ्या गोष्टींकडे डोळे आपसूक काणाडोळा करतात. १९९८ साली बेनवे आणि लेन या संशोधकांनी हे दाखवून दिलंय. माणूस काही शोधायला आला असेल, तर जाहिरातीसारखा दिसणारा पट्टा तो बघतच नाही, मग हवी ती माहिती नेमकी त्याच पट्ट्यात का असेना. साहेबांनी मान डोलावली. मला जोर चढला. म्हटलं, "साहेब, लुकलुकणाऱ्या मजकुराची सोय फायरफॉक्स ब्राउझरनेसुद्धा २०१३ मध्येच काढून टाकली."

"आणि आपलं अजून लुकलुकतंय?"

"हो. आपलं चित्र आहे, त्यामुळे..."

"बघा!" साहेब बाकीच्यांकडे वळून म्हणाले.

मग मेनू. त्यात वेळापत्रक, निकाल, दुसरी गुणपत्रिका असे शब्दच नव्हते. आस्थापना, लेखा, अभिलेख कक्ष, गोपनीय शाखा, संकीर्ण अशी नावं होती. इमारतीत दारांवर ज्या पाट्या आहेत त्याच काढून संकेतस्थळाला ठोकलेल्या. गुणपत्रिका हरवलेल्या मुलाने आधी ओळखायचं की आपलं दुःख अभिलेख कक्षाच्या अखत्यारीत येतं. मेल्विन कॉनवे नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६८ साली लिहून ठेवलंय की, संस्था जी प्रणाली घडवते तिच्यात त्या संस्थेतल्या बोलाचालीचाच आराखडा उतरतो. आमच्याकडे न बोलण्याचाही उतरला होता. परीक्षा शाखेच्या पानावरून अभिलेख कक्षाच्या पानावर जायला दुवा नव्हता. चौकशीअंती कळलं की, दोन्ही शाखांचं एका लोखंडी कपाटावरून बिनसलेलं आहे.

यावर आमच्या धंद्यात एक उपाय असतो, कार्ड सॉर्टिंग. एकेका विषयाचं एकेक कार्ड करायचं आणि लोकांना म्हणायचं, तुम्हाला जे एकत्र असावंसं वाटतं ते एकत्र लावा. खरं तर हे मुलांकडून आणि पालकांकडून करून घ्यायचं असतं. पण "आधी अधिकाऱ्यांकडून होऊ दे" असं ठरलं. साठ कार्डं टेबलावर पसरली. दहा मिनिटांत प्रत्येकाने आपापल्या शाखेची कार्डं गोळा केली आणि पत्ते धरावेत तशी छातीशी धरली. मधल्या जागेत, म्हणजे मुखपृष्ठावर, प्रत्येकाला आपलंच कार्ड सगळ्यात वर हवं होतं. लेखा शाखेने तर वजन ठेवलं. गोपनीय शाखेचे अधिकारी तेवढे शेवटपर्यंत शांत होते. त्यांच्या कार्डावर काय आहे ते सांगायला त्यांनी नकार दिला.

शेवटी मी खऱ्या माणसांवर चाचणी घेण्याची परवानगी मागितली. पाचच माणसं, असं म्हटल्यावर ती लगेच मिळाली. संकेतस्थळं वापरायला किती सोपी आहेत याचा अभ्यास करणारे जेकब नीलसन यांनी २००० साली मांडलेला हिशोब असा की, पाच जणांना वापरायला बसवलं तर घोटाळ्यांपैकी साधारण ८५ टक्के उघड होतात. आमचे पहिल्या दोघांतच झाले, पण हिशोबाला मान द्यावा म्हणून पाचही जणांना बोलावलं.

काम एकच दिलं होतं: दुसऱ्या गुणपत्रिकेचा अर्ज शोधा.

पहिली एक आई होती. तिला पानावर सतरा वेळा 'येथे क्लिक करा' दिसलं. प्रत्येक 'येथे' वेगळ्या ठिकाणी जात होतं, हे तिला सतरा वेळा कळलं. दुसरा विद्यार्थी. त्याने मुखपृष्ठाकडे बघितलंसुद्धा नाही, मोबाईलवर सर्च करून थेट चार वर्षांपूर्वीचा अर्ज उतरवला आणि "झालं" म्हणाला. तिसरे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी अर्ज शोधलाच नाही, वरच्या पळत्या सूचनेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांगितल्या आणि त्या वहीत उतरवून घ्यायला लावल्या.

चौथी मुलगी दृष्टिहीन होती. ती पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरत होती. तिने पानावरच्या दुव्यांची यादी वाचायला लावली आणि खोलीत आवाज घुमला: "येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा." ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "सर, हे संकेतस्थळ आहे की जप?" एका दुव्यावर ती गेली, पीडीएफ उघडलं आणि आवाज बंदच झाला. कारण मंडळात परिपत्रक आधी संगणकावर टाइप करतात, मग छापतात, सही होते, शिक्का बसतो आणि तो कागद किंचित तिरका ठेवून स्कॅन करतात. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ सालापासून आहे. म्हणजे अक्षरं यंत्राला वाचता येतील अशी सोय झालेली असते, ती कष्टाने मोडून त्यांचा फोटो काढला जातो. हा एकच मुद्दा मी तिन्हीत्रिकाळ मांडला. उत्तर आलं, "पण मग शिक्का कुठे दिसणार?"

पाचवे एका शाळेतले हेडक्लार्क. त्यांना आठ सेकंद लागले. मी उडालोच. "कसं केलंत?"

"साहेबांचा कान," ते म्हणाले.

सात फोटोंतला तिसरा फोटो एका माजी अध्यक्षांचा होता. कुणीतरी, कधीतरी, कुठल्याशा घाईत अर्जाचा दुवा त्या फोटोवर टाकून ठेवला होता, आणि तो नेमका डाव्या कानापुरता उरला होता. फोटो सरकत असल्यामुळे कान हाताशी येईपर्यंत थांबावं लागे. "आमच्याकडे नवा माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी कान दाखवतो," हेडक्लार्क म्हणाले. माजी अध्यक्ष निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा फोटो अजून का आहे, याचं कोडं मंडळात कुणालाच सुटलेलं नव्हतं. काढायला गेलं की दोन दिवसांत शाळांमधून फोन यायचे, म्हणून परत लावला जायचा. आपली लोकप्रियता अशी टिकून आहे, याने तेही म्हणे भारावले होते.

यानंतरचे महिने भराभर गेले. मी निकालाचं पान केलं: एक चौकोन, एक बटण, बाकी मोकळं. निकालाच्या दिवशी सगळे एकाच वेळी येतात, तेव्हा पान हलकं असलेलं बरं. पान यायला दहा सेकंदांच्या वर गेले की माणसाचं लक्ष उडतं, हे नीलसन यांनीच १९९३ मध्ये सांगितलेलं आहे. आणि आमच्याकडे तर आसनक्रमांकाच्या चौकोनाआधी सात मान्यवर उतरून यायचे. साहेबांनी पान बघितलं. बराच वेळ बघितलं. "जागा वाया चाललीये," ते म्हणाले. "इथे काहीतरी बसवा."

मी बसवलं नाही. त्यावर तीन बैठका झाल्या, आणि अखेर पान रिकामं राहिलं. ही माझ्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी कमाई, आणि ती दाखवायला गेलो तर लोक म्हणतात, यात तुम्ही काय केलंत?

मेनूही बदलला. 'माझी गुणपत्रिका हरवली आहे' असं सरळ लिहिलं. यावर अभिलेख कक्षाने लेखी हरकत घेतली, की गुणपत्रिका कक्षाची हरवलेली नाही. ती हरकत स्कॅन करून मला पाठवली. तिरकी होती.

गेल्या महिन्यात नवं संकेतस्थळ सुरू झालं. मी सकाळी लवकर उठून उघडलं. सगळं जागच्या जागी, स्वच्छ, स्थिर. फक्त सगळ्यात वर, मी न केलेली एक पट्टी उजवीकडून डावीकडे निघाली होती: 'जुने संकेतस्थळ पाहण्यासाठी येथे क्लिक करा'. तिच्या शेपटाला लाल रंगात 'नवीन' लुकलुकत होतं.

महिनाअखेरीला क्लिकचा अहवाल आला. सगळ्यात जास्त क्लिक त्याच पट्टीवर आहेत. त्यातला एक माझा आहे, ते कबूल करतो. कान अजून चालतो का, एवढंच बघायचं होतं.

चालतो.