खासगीपणाच्या नावाखाली माहितीला कुलूप नको

नोव्हेंबर 2025 मध्ये 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम आले आणि त्याच वेळी, त्याच कायद्यामुळे, माहिती अधिकार कायद्यातलं कलम 8(1)(ञ) बदललं. वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते, हे ठरवणारं हे कलम. त्याच्या समर्थनार्थ सगळीकडे एकच युक्तिवाद ऐकू येतो: खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, म्हणून बदल भाग होता, लोकहिताची माहिती कलम 8(2) खाली मिळतेच, आणि प्रामाणिक पत्रकाराला घाबरायचं कारण नाही.

आधी कोर्टाचं. पुट्टस्वामी खटल्यात ऑगस्ट 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं, हे खरं आणि मोलाचंही. पण हा हक्क निरंकुश नाही, हेही त्याच निकालात आहे. जुनं कलम हे भान ठेवूनच लिहिलेलं होतं. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण डोकावणारी माहिती नाकारा, मात्र व्यापक लोकहित असेल तर द्या. शिवाय संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती माहिती कुणालाच नाकारता येणार नाही, अशी पुरवणी होती. आता या सगळ्या अटी गेल्या. माहिती ‘वैयक्तिक’ आहे, एवढं कारण नकाराला पुरतं.

याचा अर्थ समजायला रोजगाराच्या कामावरचं मस्टर डोळ्यांपुढे आणा. मजुराचं नाव, गाव, किती दिवस काम केलं, किती मजुरी मिळाली, शेवटी सही किंवा अंगठा. सगळं वैयक्तिकच! 1994-95 मध्ये राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनावण्यांत हीच मस्टरं मोठ्यानं वाचून दाखवली आणि ‘मी त्या कामावर गेलोच नाही’ म्हणत माणसं उभी राहिली. माहितीच्या अधिकाराची चळवळ तिथून वाढली. आपल्याकडे ‘आदर्श’ सोसायटीच्या घोटाळ्यात तरी कळीचा प्रश्न कोणता होता? कुलाब्याच्या त्या इमारतीत फ्लॅट कुणाकुणाच्या नावावर आहेत, हाच ना?

कलम 8(2) चा दिलासा फसवा आहे. ते नव्यानं आलेलं नाही, 2005 पासून जुन्या कलमाच्या जोडीला होतंच. त्यात सार्वजनिक प्राधिकरणाला माहिती ‘देता येईल’ एवढंच म्हटलंय. वैयक्तिक माहितीच्या कलमातच लोकहित तपासण्याची जबाबदारी होती, ती गेली. उद्या जन माहिती अधिकारी एका ओळीत नकार देईल. मग प्रथम अपील करा, नंतर माहिती आयोगात तारखेची वाट बघा. तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं.

आता पत्रकार. कुणाची वैयक्तिक माहिती डिजिटल स्वरूपात वापरायची तर सहसा त्याची संमती घ्या, असं हा डेटा कायदा सांगतो. या कायद्यासाठी नेमलेल्या श्रीकृष्ण समितीच्या 2018 च्या मसुद्यात पत्रकारितेसाठी यातून सूट होती, 2019 च्या विधेयकातही होती. 2023 च्या कायद्यात संशोधनाला आणि सांख्यिकीला सूट आहे, पत्रकारितेला स्वतंत्र सूट नाही. म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याच्या बेहिशेबी मालमत्तेची कागदपत्रं लॅपटॉपवर घेऊन बसलेल्या वार्ताहराकडे त्याच अधिकाऱ्याची संमती मागितली जाऊ शकते. साधारण तरतूद मोडली तरी दंड 50 कोटी रुपयांपर्यंत. जिल्ह्याच्या साप्ताहिकाला नुसती नोटीससुद्धा पुरेल.

पत्रकार मर्यादा सोडतात, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. शोकाकुल घरात कॅमेरा घुसवणारे, पीडितेची ओळख पटेल असे तपशील छापणारे यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण ती रेषा सुप्रीम कोर्टानं 1994 मध्येच राजगोपाल खटल्यात आखून दिलीय. कुणाचं खासगी आयुष्य संमतीशिवाय छापू नका. सार्वजनिक दप्तरातली माहिती छापता येईल, तिथंही अत्याचारपीडितेचं नाव नको. आणि अधिकाऱ्याला त्याच्या कर्तव्याशी संबंधित वागणुकीबद्दल खासगीपणाची ढाल मिळणार नाही.

संमतीच्या तरतुदी नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्याआधी 2018 च्या मसुद्यातली सूट कायद्यात परत आणावी आणि कलम 8(1)(ञ) मूळ शब्दांत पूर्ववत करावं.