पैसे मार्चला, डिपॉझिट जुलैला

अण्णाच्या पोरीचा नंबर पुण्यात इंजिनिअरिंगला लागला आणि सोलापुरात सात रस्त्याच्या आमच्या कट्ट्यावर पेढे खातखातच भांडण सुरू झालं. फीचं टेन्शन नाही, मागास प्रवर्गातल्या आणि ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल) पोरींना घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर अशा कोर्सची फी २०२४ पासून माफ आहे. पण पोरगी राहणार कुठं? कॉलेजच्या हॉस्टेलच्या लिस्टमध्ये नाव नाही, बाहेर कॉट बेसिसवर महिना सात हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट आधी, मेस वेगळी. अण्णा यंत्रमागावर टॉवेल काढतो. त्याला महिन्याला किती सुटतात ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

मास्तर म्हणाले, अरे सरकारचे पैसे मिळतात की, फॉर्म भर. एससी आणि नवबौद्ध पोरांना स्वाधार, आदिवासी पोरांना स्वयं, आणि ओबीसी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्यासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पुण्यामुंबईत वर्षाला ६०,००० थेट खात्यात. अण्णा एसबीसीत बसतो, उत्पन्न अडीच लाखाच्या आत, मग अडचण काय?

बारक्या इतका वेळ मोबाईलमध्ये होता. तो पुण्यातच शिकतो, सुट्टीला आलाय. म्हणाला मास्तर, ते साठ हजार फोडून बघा की जरा. जेवणाचे ३२,०००, वरखर्चाचे ८,००० आणि राहायचे २०,०००. वीस हजाराला बारानं भागा, महिन्याला सोळाशे काहीतरी येतात. सोळाशेत पुण्यात कॉट सोडा, गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि आधारमध्ये एका जिल्ह्याला सहाशेच पोरं, गडचिरोलीलाही सहाशे आणि पुण्यालाही सहाशे. अख्ख्या महाराष्ट्राची पोरं पुण्यात येऊन पडतात हे कोटा ठरवताना कुणाच्या लक्षातच आलं नसेल का?

मालक (मालक म्हणजे आमचा सैफुलवाला दोस्त, वर चार खोल्या बांधून भाड्यानं दिल्यात, बाकी सोलापुरात काय सगळेच एकमेकांचे मालक) म्हणाला, पुण्यालाच कशाला मरायला जायचं बे? इथं वालचंद कॉलेज आहे, विद्यापीठ आहे, घरची कडक भाकरी आहे. त्यावर बारक्या उसळला. मालक, तुमच्या खोल्यांत कोण राहतं? अक्कलकोटची, बार्शीची, मंगळवेढ्याचीच पोरं ना? त्यांच्यासाठी हेच पुणे. आणि आपल्याकडचा दर पुण्यापेक्षा कमी, राहायचे पैसेही कमी. तुम्ही एका डोक्याचे किती घेता?

मालकानं चहा संपवला. पंचवीसशे.

मग मास्तरांनी आपला लाडका विषय काढला. रोख पैसे वाटून काही होत नाही, तुम्ही हजार द्या, घरमालक भाडं हजारानं वाढवतो. वसतिगृहं बांधा. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाचं बोर्डिंग उभं केलं, भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातीची पोरं एका छपराखाली ठेवली, पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या पोरांना कमी पैशात ठेवते. तेव्हा सरकारकडं आत्ताइतका पैसा तरी होता का?

हे खरं आहे, मलाही पटतं, पण माझं म्हणणं वेगळं होतं आणि तिथंच मास्तरांचं आणि माझं वाजलं. वसतिगृहाची जागा मिळणार, टेंडर निघणार, बिल्डिंग उभी राहणार, तोपर्यंत अण्णाची पोरगी नोकरीला लागलेली असेल. आत्ताचा घोळ तर वेगळाच आहे. फॉर्मला भाड्यानं राहत असल्याचा पुरावा लागतो. म्हणजे आधी खोली घ्या, डिपॉझिट भरा, मग अर्ज, मग हजेरीचा दाखला, मग छाननी, मग निधी आला तर पैसे. आमच्या गल्लीतल्या एका पोराला पहिल्या वर्षाचे पैसे दुसरं वर्ष लागल्यावर आले. तोवर आईनं बचतगटातनं काढून भागवलं आणि आलेली रक्कम गटाच्या हप्त्यातच गेली. रक्कम वाढवा म्हणून सगळे ओरडतात, वाढवायलाच पाहिजे, पण मी म्हणतो साठ हजार राहू दे बाजूला, ॲडमिशन कन्फर्म झाल्या झाल्या नुसते पंधरा हजार टाका खात्यात. बाकीचे हजेरी बघून द्या हवं तर. ज्याच्या घरात डिपॉझिटपुरते पैसे नाहीत तो तुमच्या योजनेच्या दारापर्यंत पोचतच नाही, पोचतात ते ज्यांना कुठनं तरी उसने मिळतात ते.

मास्तर म्हणाले, आणि पैसे घेऊन पोरगं कॉलेज सोडून पळालं तर? मी म्हटलं, पळालं तर पळालं, शंभरात एखादं पळेल, त्याच्यासाठी बाकीच्यांना वर्षभर उधारीवर ठेवायचं का? यावर ते काही बोलले नाहीत, पण पटलं असंही दिसलं नाही.

बारक्यानं मध्येच दुसरं काढलं. पुरावा द्यायला घरमालक तयारच नसतात. भाडं रोख घेणार, कराराचं नाव काढलं की दुसरी खोली बघ म्हणणार. एवढं बोलून तो मालकाकडं बघायला लागला, मग आम्ही सगळेच बघायला लागलो.

मालक म्हणाला, बघा, माझ्याकडं का बघताय? करार केला की भाड्याची खोली म्हणून घरपट्टी जास्त लागते. अण्णा पहिल्यांदाच बोलला. लागू दे की मालक, पंचवीसशे घेता ना. अकरा महिन्यांचा कागद करून द्या चारी खोल्यांतल्या पोरांना, उद्या पुण्यात माझ्या पोरीला कुणीतरी द्यायला पाहिजे का नको?

मालक म्हणाला करू की, पण स्टॅम्प आणि नोटरीचे पैसे पोरांचे. त्यावर बारक्या म्हणाला तुमचे, आणि तिथून पुढं अर्धा तास तेच चाललं.