तंबू की हॉटेल? शेजाऱ्याला मात्र विचारू नका

सुट्टी मंजूर झाली, बॅगा माळ्यावरून खाली आल्या, की घरात एकच वाद उरतो: तंबूत राहायचं की हॉटेलात? अशा वेळी काही जुन्या वळणाची माणसं हवामान बघतात, पाठीचं दुखणं बघतात, बरोबर लहान मुलं आणि म्हातारी माणसं आहेत का तेही बघतात. तुम्ही यातलं काही बघू नका. फोटो कुठे चांगले येतील तेवढं बघा आणि पैसे भरून मोकळे व्हा. पुढचं सूत्र सोपं आहे. तंबू घेतलात तर तिथे हॉटेलातल्या सगळ्या सोयी मागा. हॉटेल घेतलंत तर तिथे रानात असल्यासारखे वागा. एवढं पाळलंत तर सुट्टी झकास जाते. तुमची. इतरांचं इतर बघून घेतील.

आधी तंबूचं बघू.

तंबूवर ‘दोन माणसांसाठी’ लिहिलेलं असतं, त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा. बनवणाऱ्याने दोन मॅट शेजारी शेजारी टाकून बघितल्या, मावल्या, विषय संपला. बॅगा, चिखलाचे बूट आणि कूस बदलण्याची तुमची सवय यांचा विचार त्याने का करावा? तुम्ही चौघे असाल तर तिघांचा घ्या. प्रेम वाढतं.

स्लीपिंग बॅगवर बहुधा तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं सगळ्यात खालचं बघा, उणे असलं तर फारच छान, आणि बॅग घेऊन टाका. पहिला आकडा म्हणजे निवांत झोप लागेल ते तापमान. दुसरा म्हणजे अंग आखडून का होईना, रात्र निघेल ते. तिसरा म्हणजे सहा तास जीव टिकेल ते, आणि त्यातही हिमदंश होणार नाही अशी हमी कोणी देत नाही. झोपेचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नाही. पण मित्रांना सांगायला तोच बरा पडतो, आणि दुकानदारही तोच दाखवतो.

तंबू खोलगट जागेत ठोका. पावसाचं पाणी तुम्हाला शोधत फिरायला नको.

रात्री झडपा घट्ट बंद ठेवा. पहाटे आतल्या कापडाला बोट लागलं की एक थेंब ओघळत ओघळत नेमका उशीवर पडेल. ती तुमच्याच श्वासातली वाफ असते, गार कापडावर बसून पाणी झालेली. पण तुम्ही जागेच्या मालकाकडे जा, ‘तंबू गळतो’ म्हणून आवाज चढवा आणि अर्धे पैसे परत मागा.

थंडी वाजली तर निखाऱ्यांची शेगडी तंबूत घ्या, असं लिहिणार होते. नाही लिहवत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि विझल्यासारखे दिसणारे निखारेसुद्धा तो सोडत राहतात. माणूस झोपतो आणि उठतच नाही. शेगडी बाहेर म्हणजे बाहेर. यात थट्टा नाही. चला पुढे.

पुढचा विषय नाजूक आहे. जाणकार सांगतात की पाण्यापासून, वाटेपासून आणि मुक्कामापासून साधारण ६० मीटर लांब जावं, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करावा आणि नंतर तो मातीने बुजवावा. एवढं चालायला आपण काय गिर्यारोहक आहोत? पहिलं झुडूप दिसेल ते आपलं. वर एक ओला वाइप पसरून या. पांढराशुभ्र असतो, दुसऱ्याला जागा चटकन कळते. अनेक वाइपमध्ये प्लॅस्टिकचे धागे असतात, त्यामुळे तुमची खूण पुढच्या सुट्टीलाही जागेवर सापडते.

आता स्पीकर. तंबू घरी राहिला तरी चालेल, स्पीकर विसरून चालणार नाही. हौशी कॅम्पिंगची आवड रुजवणारा थॉमस हायरम होल्डिंग हा इंग्लंडातला शिंपी. सायकलवर तंबू बांधून भटकणाऱ्यांचा संघ त्याने १९०१ मध्ये काढला. सामान आणखी हलकं कसं होईल, तंबूची घडी आणखी लहान कशी होईल, यातच त्याचं डोकं चालायचं. बिचाऱ्याला स्पीकर माहीत नव्हता. असता तर सायकल घरी ठेवून मोठी गाडीच घेतली असती त्याने.

तर हा स्पीकर गाडीच्या टपावर ठेवा, तोंड तंबूंच्या रांगेकडे करून. हल्ली दोराला दोर लागतील इतके खेटून तंबू ठोकतात, त्यामुळे एकही श्रोता वंचित राहत नाही. कापड आवाज अडवत नाही. त्यातून तो खालच्या पट्टीतला धप्प धप्प ठोका तर भिंतींनाही जुमानत नाही, मग कापडाची काय कथा. जमिनीवर आडव्या झालेल्या माणसाला तो कानांआधी बरगड्यांत कळतो. जागा पाण्याकाठची असेल तर सोन्याहून पिवळं. शांत रात्री पाण्यालगतची हवा गार होते आणि तिच्या वरची त्या मानाने उबदार राहते, त्यामुळे वर निसटू पाहणारा आवाज खाली वळतो आणि थेट पलीकडच्या काठाला लागतो. पलीकडे कोणी झोपलं असेल अशी शंका मनात आणू नका. कसं झोपेल? तुम्ही आहात ना.

एकही गाणं पूर्ण वाजू देऊ नका. मुखडा संपला की कोणीतरी ओरडायलाच हवं, ‘हे नको रे, ते लाव!’ मग दोन-चार सेकंद शांतता. तेवढ्यात आजूबाजूच्या तंबूंतली माणसं ‘संपलं वाटतं’ म्हणून श्वास सोडतात. आणि मग दुसरा मुखडा. ही कला शिकवून येत नाही, ती अंगातच असावी लागते.

मागच्या महिन्यात या सगळ्याचा प्रसाद मला मिळाला, म्हणून एवढ्या अधिकाराने सांगते आहे. रात्री दीडच्या सुमारास शेजारच्या घोळक्यातल्या एकाचा पाय माझ्या तंबूच्या दोरात अडकला. मेख उपटली आणि तंबूची एक बाजू माझ्या तोंडावर आली. ‘सॉरी, सॉरी,’ म्हणाला तो. मग खाली वाकून त्याने चेन उघडली, मोबाइलचा टॉर्च माझ्या डोळ्यांत मारला आणि विचारलं, ‘आत कोणी आहे का?’

रात्री दीड वाजता. तंबूच्या आत. नाही रे बाबा, कोणी नाही, तंबू सहज हवा खायला आलाय.

बाहेर आले, दगडाने मेख ठोकली आणि त्यांच्यासमोर हात जोडून म्हटलं, ‘बाबांनो, आता तेवढं बंद करा.’ बॉनेटवर बसलेला मुलगा माझ्याकडे अगदी मायेने बघत म्हणाला, ‘काकू, झोपायचंच होतं तर हॉटेलात जायचं ना!’ सगळे हसले. एक मुलगी म्हणाली, ‘काकू, तुम्ही पण या ना नाचायला.’ जागेचा मालक गेटजवळ खुर्ची टाकून बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘ताई, दहानंतर आपल्याकडे आवाज बंदच असतो.’ हे तो मला पावणेदोनला सांगत होता, ओरडून, कारण साध्या आवाजात ऐकू येत नव्हतं. मागच्या भिंतीवर पाटीसुद्धा होती, ‘निसर्गाच्या शांततेचा आनंद घ्या’. मी पाटीकडे बोट दाखवलं. त्याने घोळक्याकडे दाखवलं. ‘त्यांचे बारा तंबू आहेत, ताई. तुमचा एक.’

आणि ही मंडळी आली होती म्हणे तारे बघायला! अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मध्येच पांढरा दिवा डोळ्यांवर आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. इथे झाडालाच एलईडीचा झोत बांधलेला. त्याच्याखाली उभं राहून एक जण मान वर करून म्हणाला, ‘आज ढग आहेत वाटतं.’ ढग एकही नव्हता.

तर त्या मुलाच्या आज्ञेप्रमाणे दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात गेले. त्यामुळे आता हॉटेलाबद्दलही चार शब्द सांगू शकते.

हॉटेल तारे मोजून निवडा. सगळ्या जगाला लागू होईल असं ताऱ्यांचं एकच माप नाही. कुठे ते सरकार देतं, कुठे एखादी संघटना, आणि बुकिंगच्या ॲपवर कधी कधी मालक स्वतःच स्वतःला देतो. दुबईच्या बुर्ज अल अरबला लोक सात तारे म्हणतात, पण ते वर्तमानपत्रांतून चिकटले, अधिकृत मोजणी पाचावरच थांबते. मग तुमच्या हॉटेलवाल्याने दोनाचे चार केले तर कुठे बिघडलं?

खोली दुपारी दोन-तीनला मिळणार आणि दुसऱ्या दिवशी अकराला सोडायची. हॉटेलातला ‘एक दिवस’ हा असा वीस-एकवीस तासांचा असतो. उरलेले तास रिसेप्शनच्या सोफ्यावर मुलांना उड्या मारायला सोडून वसूल करा.

किटलीत मोजे धुवा. हो, धुतात लोक.

१८२९ मध्ये अमेरिकेत बोस्टनला ट्रेमाँट हाउस नावाचं हॉटेल उघडलं, तेव्हा प्रत्येक खोलीला स्वतंत्र कुलूप हे त्याचं मोठं आकर्षण होतं. त्याआधी सरायांमध्ये परक्या माणसाशेजारी, वेळप्रसंगी एकाच बिछान्यात, झोपायची पाळी यायची. आता कुलपाचं कार्ड झालं आणि परका माणूस भिंतीपलीकडे गेला. भिंत मात्र अशी की त्याने कूस बदलली तरी इकडे समजतं. तेव्हा दारं उघडी टाका, समोरासमोरच्या खोल्यांतून आरामात गप्पा मारा, आणि कॉरिडॉरमध्ये पोरांना शर्यती लावून स्वतः व्हिडिओ काढत उभे राहा. बाहेर पडताना दार नुसतं सोडून द्या. आगीच्या भीतीने ते आपोआप बंद होईल असं बसवलेलं असतं. रात्री बारानंतर त्याचा आवाज विशेष खुलतो.

आगीवरून आठवलं. खोलीत सिगारेट ओढायची असेल तर आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी स्मोक डिटेक्टरला घाला. ही युक्ती कोणी गुपचूप नाही सांगितली मला. जिन्यात दोघं एकमेकांना सांगत होते, अभिमानाने. वरच्या मजल्यावर लहान मुलं झोपलेली आहेत आणि या माणसांनी धूर ओळखणाऱ्या यंत्राचं तोंड बांधलंय, कशासाठी, तर खाली उतरून पाच मिनिटं बाहेर उभं राहायचा कंटाळा! कानाखाली वाजवावीशी वाटली, पण मी पडले सुसंस्कृत.

रिसेप्शनला फोन केला. तिथली मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, ‘मॅडम, सुट्टीचा सीझन आहे ना. तुम्हाला अगदी शांतता हवी असेल तर आमचं कॅम्पिंगचं पॅकेज आहे.’

बस्स. आता उपरोध वगैरे पुरे, सरळ ऐका.

तंबू घ्या नाहीतर हॉटेल घ्या, तुमची निवड, तुमची पाठ, तुमचे पैसे. पण पैसे तुम्ही अंथरूण टाकण्यापुरत्या जागेचे भरलेत. शेजाऱ्याची रात्र त्यात धरलेली नव्हती. तोही महिनोन् महिने वाट बघून, वरिष्ठांच्या विनवण्या करून सुट्टी घेऊन आलाय. त्याची सुट्टी उधळायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? ‘आम्ही एन्जॉय करतोय’ हे उत्तर नाही. बेशरमपणा आहे तो. आणि कोणी हात जोडून सांगायला आलं तर त्याच्यावर हसता? आपली चूक दाखवणाऱ्याला म्हातारं ठरवलं की चूक मिटते का?

हेडफोन नावाची वस्तू जगात आहे, ती वापरा. दुसऱ्याच्या तंबूजवळून जाताना दिवा खाली जमिनीवर मारा, म्हणजे दोर दिसतात. वाइप पिशवीत भरून परत न्या. रिकाम्या बाटल्या शेकोटीत टाकू नका. काच जळत नाही, फुटते, आणि नंतर कोणाच्या तरी पायात जाते. दार हाताने धरून लावा. पोरांना तुम्ही आवरा, ते काम हॉटेलच्या माणसांचं नाही. आणि डिटेक्टरवरची ती टोपी आत्ताच्या आत्ता काढा.

जागा भाड्याने देणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. दहाची पाटी लावायची हौस असेल तर दहाला खुर्चीतून उठा आणि जाऊन तो स्पीकर बंद करा. बारा तंबूंचं गिऱ्हाईक तुटलं तर तुटू द्या. ते जमणार नसेल तर पाटी काढा आणि जाहिरातीत खरं लिहा, की इथे झोप मिळत नाही. निदान आमचे पैसे तरी वाचतील.

आणि ज्यांना रात्रभर नाचायचंच आहे त्यांनी दारं-खिडक्या घट्ट बंद होतील असा एखादा हॉल घ्या. आत सकाळपर्यंत धुमाकूळ घाला. तिथे ही काकू तुम्हाला काही म्हणायला येणार नाही.