नंबर घालवायचाय? मग डॉक्टर असा निवडा

स्थळं बघायच्या आत लेझर ऑपरेशन करून चष्मा उतरवायचा, असं एकदा घरात ठरलं की सर्जन शोधण्यात वेळ घालवू नये. तोच तुम्हाला शोधत असतो. चौकातल्या होर्डिंगवर हाताची घडी घालून उभा असतो, शेजारी बिनचष्म्याची मुलगी खळखळून हसत असते आणि खाली 'दिवाळी धमाका, दोन्ही डोळे' असं लिहून दर दिलेला असतो. एक डोळा केवढ्याला, हे विचारून कद्रूपणा दाखवू नका.

पदवी, कॉर्नियाचं (म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं) वेगळं प्रशिक्षण, अशी किती ऑपरेशनं स्वतः केली, या चौकशा माणसाला अवघडवतात. त्यापेक्षा मशीनबद्दल विचारा. 'जर्मन आहे ना?' एवढा प्रश्न पुरे. आचारी कोण याची पर्वा न करता मिक्सरची कंपनी बघून लग्नाचं जेवण ठरवावं, तसंच हे.

खरं सांभाळायचं ते तपासण्या करणाऱ्या डॉक्टरपासून. हा प्राणी आधी तुमच्या कॉन्टॅक्ट लेन्स बंद करायला लावतो. मऊ असतील तर आठवडा-दोन आठवडे, कडक असतील तर त्याहून जास्त. म्हणे लेन्सने कॉर्नियाचा आकार बदलतो आणि मापं चुकतात. मग मागच्या वर्षीचा नंबर मागतो. तो कागद घरी कुणाकडेच नसतो, हे ठाऊक असूनही मागतो. 'डोळे चोळायची सवय आहे का?' असं आईसमोर विचारतो. त्याला केराटोकोनसचा संशय असतो, म्हणजे कॉर्निया पातळ होत पुढे टोकदार येण्याचा. असा डोळा लेझरने आणखी पातळ केला तर बिघडत जाऊ शकतो, असं त्याचं म्हणणं.

एवढ्यावर भागत नाही. तो वजाबाकी मांडतो. कॉर्निया मुळात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तुमचा निघाला ४८० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग. लॅसिक या लेझर ऑपरेशनात आधी कॉर्नियाचा वरचा पापुद्रा कापून उचलतात, त्या फ्लॅपचे ११० गेले. नंबर उणे आठ, लेझर नंबरामागे साधारण १५ खरवडतो असं धरलं तर आणखी १२० गेले. उरले २५०. याच्या खाली जायचं नाही हा जुना दंडक, आणि हे महाशय तर ३०० उरले पाहिजेत म्हणतात. शेवटी फी घेऊन सांगतात, 'तुम्हाला लेझर नको. चष्मा चांगला आहे, फारच हौस असेल तर डोळ्यात लेन्स बसवण्याचा विचार करू.' अशा माणसाला धंदा कळत नाही. तडक उठा आणि होर्डिंगवाल्याकडे जा. मायक्रॉन तेवढेच असतात, पण तिथे वजाबाकी काउन्सेलर मॅडम करतात, आणि ती फक्त डिस्काउंटची असते.

तंत्रज्ञानाची भीती तर मुळीच नको. १९८१ साली आयबीएमच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत, मद्रासहून तिकडे गेलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्यावर एक्सायमर लेझर चालवला, तोच आज डोळ्यांवर चालतो. आजूबाजूला न भाजता नेमका काप गेला. त्या टर्कीने पुढे कोरड्या डोळ्यांची किंवा रात्री दिव्यांभोवती वलयं दिसण्याची तक्रार केल्याची नोंद नाही. तुम्हीच का कुरकुरता? फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसाही कापल्या जातात, म्हणून काही महिने थेंब घालावे लागतात, एवढंच. एक्सप्रेसवेवर समोरून येणारा ट्रक वलयासकट दिसला तर तेवढाच उठून दिसतो.

बेचाळिशीतल्या गृहस्थांनी तर अजिबात मागे राहू नये. आज उणे अडीच नंबर असलेला माणूस चष्मा कपाळावर चढवून पेपर फुकटात वाचतो. दोन्ही डोळे लांबचं बघायला चोख करून घेतले की पेपर वाचायला नवा चष्मा घ्यावा लागतो. ही बाब आधीच सांगून तुमचा उत्साह घालवणारा डॉक्टर टाळलेलाच बरा.

नंतर त्रास झाला तर बघणार कोण, हे विचारू नका. त्या दिवशी सर दुसऱ्या शाखेत असतात. अनुभव वाचायचे तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले वाचा. तेव्हा सगळ्यांना घड्याळ दिसत असतं आणि सगळे पाच तारे देतात.

संमतिपत्र बहुधा बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातल्यावर पुढ्यात येतं. इंग्रजीत, चार पानी, मुंगीएवढ्या अक्षरात. त्यात वर सांगितलेलं सगळं असतं. सही कुठे करायची ते मॅडम बोट ठेवून दाखवतात.